पीएच.डी.साठी एक पानी ओळख : संशोधनाचा अनुभव आणि आवडीनिवडी नेमक्या कशा लिहायच्या?

पिपेटवाली :

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी, दुसरं वर्ष, पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. डिसेंबरात अमेरिकेतल्या काही बायोमेडिकल प्रोग्रॅमना अर्ज करायचे आहेत. शिवाय पुण्या-मुंबईतल्या संस्थांच्या मुलाखती आहेत. दोन्हीकडे स्वतःची ओळख लिहून द्यावी लागते : शिक्षण, संशोधनाचा अनुभव, आवडीनिवडी. इंग्रजी मसुद्याचा मराठी गोषवारा देते आहे.

«लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे. कॅन्सरसारख्या दुर्धर रोगावर उपचार शोधणं हे माझं स्वप्न आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी अडुळशाच्या पानांच्या मेथनॉल अर्काचा एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर होणारा परिणाम तपासला. सेल कल्चर, एमटीटी अ‍ॅसे (रंगावरून पेशींची चयापचय क्रिया मोजणं), आरएनए आयसोलेशन, क्यूपीसीआर (आरएनएचं प्रमाण मोजणं), एसडीएस-पेज (प्रथिनं जेलवर वेगळी करणं), वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिन ओळखणं) या तंत्रांचा मला अनुभव आहे. अर्कामुळे कॅस्पेज-३ (पेशीमृत्यू घडवणारं विकर) वाढून पेशींचा अपोप्टोसिस (नियोजित पेशीमृत्यू) होतो हे आम्ही सिद्ध केलं. छंद : वाचन, संगीत, ट्रेकिंग.»

माझे प्रश्न : तंत्रांची यादी पुरेशी आहे का? सीजीपीए ७.१ आहे, तो कुठे लिहू? छंद ठेवू की काढू?

---

सूक्ष्मदर्शी :

आधी सगळ्यात महत्त्वाचं. मसुद्यातलं कॅस्पेज-३चं वाक्य आजच काढा. एमसीएफ-७ पेशींमध्ये कॅस्पेज-३च्या जनुकात ४७ बेसपेअरचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे कार्यक्षम प्रथिन तयारच होत नाही. ही गोष्ट १९९८ सालापासून छापील आहे आणि अपोप्टोसिसवर काम करणारा कुणीही परीक्षक पहिल्या मिनिटात तिथेच बोट ठेवेल. क्यूपीसीआरमध्ये प्रायमर कुठे बसतात त्यावर आरएनए दिसू शकतो, आकडाही वाढलेला दिसू शकतो. पण आरएनए दिसला म्हणजे प्रथिन आहे असं नाही. याच कारणाने या पेशींमध्ये डीएनएच्या तुकड्यांची नेहमीची शिडी (अपोप्टोसिसची खूण) जेलवर नीट दिसत नाही. म्हणून «शिडी दिसली नाही, अर्थात अपोप्टोसिस नाही» हा उलटा निष्कर्षही चुकीचा ठरतो.

आता यादीबद्दल. «वेस्टर्न ब्लॉटचा अनुभव» या शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एकदा शेजारी उभं राहून पाहिलेलाही तेच लिहितो, आणि अँटिबॉडीचं प्रमाण स्वतः बसवलेलाही तेच. प्रत्येक तंत्रामागे चार गोष्टी याव्यात : प्रश्न काय होता, स्वतःच्या हाताने काय केलं, कंट्रोल कोणता होता, आकडा काय आला. चारही लिहिता येत नसतील तर ते तंत्र यादीत नको, किंवा «ओळख आहे» अशा वेगळ्या ओळीत टाका. सहा तंत्रांची रांग लावण्यापेक्षा दोन तंत्रं खोलात सांगितलेली कधीही भारी पडतात.

तुमच्याच प्रकल्पावरून दाखवतो, कारण वनस्पतीचा अर्क, एमसीएफ-७ आणि एमटीटी हे त्रिकूट आपल्याकडच्या कितीतरी एम.एस्सी. प्रकल्पांत असतं आणि प्रश्नही ठरलेलेच येतात.

एमटीटी पेशी मेल्या का हे मोजत नाही. पेशींची चयापचय यंत्रणा पिवळ्या एमटीटीचं जांभळ्या फॉर्मझानमध्ये क्षपण करते, आपण ५७० नॅनोमीटरला त्या जांभळ्या रंगाचं शोषण मोजतो. आकडा कमी आला तर पेशी मेल्या असतील, वाढायच्या थांबल्या असतील, किंवा जिवंत असून मंदावल्या असतील. म्हणून «५० टक्के पेशी मेल्या» असं लिहू नका. «४८ तासांनंतर चयापचय क्रिया निम्म्यावर आली» असं लिहा. मृत्यूच म्हणायचा असेल तर ट्रिपॅन ब्लूने मोजणी किंवा अ‍ॅनेक्सिन-पीआय रंगवून फ्लो सायटोमेट्री, यांपैकी एक तरी जोडीला हवी.

दुसरी अडचण अर्काची स्वतःची. पानांच्या मेथनॉल अर्कात पॉलिफेनॉल भरपूर, आणि ती पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीचं क्षपण करतात. मग अर्काचं प्रमाण वाढवलं तरी जांभळा रंग टिकून राहतो आणि विषारी अर्कही निरुपद्रवी वाटतो. यावर इलाज सोपा आहे. पेशी नसलेल्या वेल्समध्ये (प्लेटवरच्या खळग्यांत) माध्यम, अर्क आणि एमटीटी घालून तो आकडा वजा करायचा. आणि एमटीटी घालण्याआधी अर्काचं माध्यम काढून, पेशी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) हलक्या हाताने धुऊन, ताजं माध्यम द्यायचं. हे केलं असेल तर ओळखपत्रात अर्धं वाक्य खर्च करा. त्या अर्ध्या वाक्यावरून परीक्षकाला समजतं की या व्यक्तीने प्रोटोकॉलचा कागद नुसता पाळलेला नाही.

याशिवाय हेही तपासा :

– डीएमएसओ (द्रावक). अर्क त्यात विरघळवला असेल तर शेवटचं प्रमाण सगळ्या वेल्समध्ये सारखं हवं, शक्यतो ०.१ टक्का, फार तर ०.५. कंट्रोल वेल्समध्येही तेवढंच. नाहीतर सर्वांत वरच्या डोसला दिसणारा परिणाम अर्काचा की डीएमएसओचा, हे सांगता येत नाही.

– आयसी-५० (क्रिया निम्म्यावर आणणारं प्रमाण). तीन डोसवरून काढलेला आकडा कुणी मानत नाही. दुपटीच्या किंवा लॉग पायऱ्यांनी निदान सहा डोस, आणि वक्राचा वरचा व खालचा सपाट भाग दिसायला हवा. वक्र खाली सपाट झालाच नसेल तर आकड्यापुढे «अंदाजे» लिहा.

– कडेच्या वेल्स. ४८-७२ तासांत ९६ वेलच्या प्लेटच्या कडेचं माध्यम आटतं आणि आकडे वाकडे होतात. कडेच्या ओळींत नुसतं पीबीएस भरून आतल्या ६० वेल्स वापरतात.

– एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) म्हणजे काय. एकाच दिवशी एकाच प्लेटवरच्या तीन वेल्स म्हणजे एन = ३ नव्हे, तो एकच प्रयोग. वेगवेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पिढीच्या) पेशी घेऊन वेगवेगळ्या दिवशी तीनदा केला तर एन = ३. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि इथेच बरेच जण अडखळतात.

– पेशी आल्या कुठून. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून आणल्या असतील तर तसं लिहा. पॅसेज क्रमांक आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची चाचणी केली का हेही लिहा. शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क मागून आणला असेल तर एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणं) झाली आहे का ते विचारा. हे निव्वळ औपचारिक नाही. एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमालिका वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि पुढे ती मेलॅनोमाची निघाली. केबी आणि हेप-२ या तर मुळात हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशीच.

क्यूपीसीआरचंही थोडक्यात. संदर्भ जनुक म्हणून जीएपीडीएच घेतलं असेल तर उपचारानंतर त्याचा सीटी (संकेत दिसू लागतो ते चक्र) हलला नाही ना, हे पाहिलं का? प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत आहे का? रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेला कंट्रोल होता का? नसेल तर डेल्टा-डेल्टा-सीटीचा (संदर्भ जनुकाच्या तुलनेत किती पट बदल याचा) आकडा छापू नका. पद्धत येते एवढंच म्हणा.

आणि «सिद्ध केलं» हा शब्द काढाच. «सूचित होतं», «सुसंगत आहे», एवढंच.

---

खारघरकर :

सूक्ष्मदर्शींनी प्रयोगाचं सांगितलंच आहे. मी मार्क, परीक्षा आणि अर्ज कुठे जातोय याबद्दल लिहितो.

सीजीपीए ७.१ असेल तर «१० पैकी ७.१» असं सरळ लिहा. अमेरिकेच्या अर्जासाठी स्वतःच चारच्या मापात बदलत बसू नका. विद्यापीठांना भारतीय गुणपत्रिका वाचता येतात, आणि कुठे रूपांतर लागत असेल तर ते तसं सांगतात. एखाद्या सेमिस्टरला घसरण असेल आणि त्याला खरंच कारण असेल, तर एक वाक्य. परिच्छेद नको. अभ्यासक्रमाची लांबलचक यादीही नको, गुणपत्रिका सोबत जातेच.

दोन ठिकाणचे वाचणारे वेगळे आहेत, म्हणून एकच मजकूर दोन्हीकडे चालणार नाही.

अमेरिकेतल्या बऱ्याच बायोमेडिकल पीएच.डी.ना प्रवेश प्रोग्रॅममध्ये मिळतो, प्रयोगशाळेत नाही. पहिल्या वर्षी साधारण तीन रोटेशन (वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काम करून पाहणं), प्रत्येक काही आठवड्यांचं, त्यानंतर मार्गदर्शक ठरतो. निवेदन एक ते दोन पानांचं. शेवटच्या परिच्छेदात ज्यांच्याकडे रोटेशन करायला आवडेल अशा तीन-चार प्राध्यापकांची नावं द्यावीत, आणि प्रत्येकाच्या कामातली कोणती गोष्ट तुमच्या प्रश्नाशी जुळते हे एका वाक्यात. तीच तीन नावं घेऊन कौतुक करत बसणं म्हणजे जागा वाया. मुदत बहुतेक ठिकाणी १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असते. जीआरई अनेक बायोमेडिकल प्रोग्रॅमनी काढून टाकली आहे, पण प्रत्येकाचं पान उघडून पाहा. टोफेल किंवा आयईएलटीएसमधून सूट मिळते का, हेही तिथेच असतं.

आपल्याकडे गणित निराळं. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, हातात असेल (सीएसआयआर, आयसीएमआर किंवा डीबीटी) तर ते पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे, कारण फेलोशिप तुमच्यासोबत येते. जानेवारी २०२३पासून जेआरएफ महिन्याला ३७,००० रुपये आणि एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. निकाल यायचा असेल तर «परीक्षा दिली, निकाल बाकी» असं लिहा. गुणांचा अंदाज लिहू नका.

एनसीसीएस, आयसर पुणे, टीआयएफआर किंवा खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र), कुठेही मुलाखतीला बसलात तरी समिती तुमच्या कागदावरूनच सुरुवात करते. तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे त्यांना दिलेलं आमंत्रण. «एसडीएस-पेज» लिहिलंत तर विचारतील : स्टॅकिंग जेलचा पीएच ६.८ आणि रिझॉल्व्हिंगचा ८.८ का? ग्लायसिनचं तिथे काय होतं? «वेस्टर्न» लिहिलंत तर : पीव्हीडीएफ मेम्ब्रेन आधी मेथनॉलमध्ये का बुडवता? फॉस्फो-प्रथिन शोधताना दुधाऐवजी बीएसए का घेतात? फळ्यावर आकृती काढून उत्तर देता येईल तेवढंच कागदावर ठेवा. «आवडता विषय कोणता?» असंही विचारतात. तिथे «कॅन्सर बायोलॉजी» म्हणालात तर प्रश्न कुठूनही येतील. «पेशीमृत्यूचे मार्ग» म्हणालात तर निदान मैदान तुमच्या ओळखीचं.

प्राण्यांवर किंवा रुग्णांच्या नमुन्यांवर काम झालं असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी होती, हे लिहायला विसरू नका.

---

वऱ्हाडी_फार्मसिस्ट :

मध्येच विचारतो. मी बी.फार्म. आहे, एम.एस्सी. नाही. बायोमेडिकलमध्ये जायचं तर सीएसआयआर नेट (जेआरएफची परीक्षा) देता येते का? आणि ओळखीत फार्मसीचं काय सांगायचं?

---

खारघरकर :

देता येते. लाइफ सायन्सेसच्या पात्रतेत बी.फार्म. आणि एम.बी.बी.एस. दोन्ही आहेत, टक्केवारीची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा. पेपर २०० गुणांचा, त्यात १०० गुण एकट्या भाग-सीचे : ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे, तेही प्रयोगाच्या निकालावरून विचार करायला लावणारे. फार्मसीवाल्यांना जनुकशास्त्र आणि विकासजीवशास्त्र मुळापासून वाचावं लागतं.

ओळखीत तुमची बाजू म्हणजे डोस. औषधाचं शोषण, अर्धायुष्य, रक्तातली पातळी, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत). पेशींच्या प्लेटवर काम करणाऱ्या अनेकांना १०० मायक्रोमोलर हे प्रमाण रक्तात कधी पोचेल का, हा प्रश्न सुचत नाही. तुम्हाला तो सुचतो, तेवढं ठळक करा.

---

निळी_शाई :

आवडीनिवडींकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर जरा लिहिते.

आधी भेद करा. संशोधनातली आवड वेगळी, फावल्या वेळेतली वेगळी. पहिली आवड रोगाच्या नावाने लिहू नका. «कॅन्सर», «अल्झायमर», «मधुमेह» ही विषयांची नावं झाली. आवड प्रश्नाच्या रूपात असावी, आणि तो प्रश्न शक्यतो तुमच्याच प्रयोगातून निघालेला असावा. तुमच्या बाबतीत तो आयता समोर आहे : कॅस्पेज-३ नसताना या पेशी मरतात तर नेमक्या कोणत्या मार्गाने मरतात? कॅस्पेज-७ ती जागा घेतं का, की मरण्याची तऱ्हाच निराळी? हे वाचल्यावर समोरच्याला तुमच्याशी बोलावंसं वाटेल. «उपचार शोधणं हे स्वप्न» वाचून तसं होत नाही, कारण ते वाक्य त्या ढिगातल्या बहुतेक अर्जांत असतं. «लहानपणापासून»ही त्याच कारणाने जाऊ द्या.

फावल्या वेळेतल्या आवडी अमेरिकेच्या संशोधन निवेदनात नकोत. तिथे पर्सनल हिस्टरी नावाचा वेगळा निबंध मागितला असेल तर त्यात. प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरच्या परिचयात मात्र एक ओळ हवीच, कारण तिथे वाचणारे उद्याचे सहकारी असतात. भारतातल्या मुलाखतीच्या अर्जात रकाना असेल तरच.

एक ओळ लिहायची तर तपशिलासकट. «संगीत» म्हणजे काय? ऐकता की शिकता? गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पूर्ण दिली असेल, तर ते नाव लिहा. त्यामागे वर्षांचा रियाज आहे हे जाणणाऱ्याला लगेच कळतं. «वाचन» काढा, किंवा काय वाचता ते लिहा. ट्रेकिंगमध्ये गटाची जबाबदारी घेत असाल, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असेल तर तेवढंच. मराठीत विज्ञान लिहीत असाल, मराठी विज्ञान परिषदेच्या उपक्रमात भाग घेतला असेल, शाळेत प्रयोग दाखवले असतील, तर ते छंदात घालू नका. तो विज्ञानप्रसाराचा अनुभव आहे, वेगळ्या ओळीत द्या. अमेरिकेतल्या प्रोग्रॅमना तो खरोखर हवा असतो.

शिफारसपत्रांबद्दलही, कारण ओळखीशी त्यांचा थेट संबंध आहे. अमेरिकेला साधारण तीन लागतात. मुदतीच्या निदान चार आठवडे आधी विचारा आणि प्रत्येकाला एक पान पाठवा : त्यांच्याकडे कोणतं काम केलं, काय अडलं, ते कसं सोडवलं, कोणते अर्ज, कोणत्या तारखा. प्रकल्पाच्या मार्गदर्शकांचं पत्र सगळ्यात वजनदार. त्यांच्या पत्रात «अर्क तिने स्वतः काढला» आणि तुमच्या कागदात «अर्क प्रयोगशाळेतून मिळाला» असं झालं तर दोघांवरचाही विश्वास जातो. म्हणून अंतिम मसुदा त्यांना दाखवूनच पाठवा.

कुणी काय केलं हे लिहिताना «आम्ही» टाळा. शोधनिबंधांसाठी श्रेय मांडायची क्रेडिट नावाची १४ भूमिकांची पद्धत आहे : कल्पना, प्रयोग, विश्लेषण, लेखन वगैरे. त्या शब्दांतून स्वतःचे दोन-तीन निवडलेत की वाक्य आपोआप प्रामाणिक होतं. ओआरसीआयडीचा १६ अंकी क्रमांक फुकट मिळतो, तो काढून नावाखाली टाका. आपल्याकडे सारख्या नावांचे लोक खूप.

---

पिपेटवाली :

सगळ्यांचे मनापासून आभार. संशोधनाचा परिच्छेद नव्याने लिहिला आहे, पाहाल का?

«अडुळशाच्या पानांचा मेथनॉल अर्क एमसीएफ-७ पेशींची वाढ रोखतो का, हे मी एम.एस्सी. प्रकल्पात तपासलं. पेशी एनसीसीएसमधून घेतल्या होत्या. अर्क प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने काढला, पेशींवरचे सगळे प्रयोग आणि विश्लेषण माझं. ९६ वेल प्लेटवर दर वेलला ८,००० पेशी, १२.५ ते ४०० मायक्रोग्रॅम प्रति मिली असे दुपटीच्या पायऱ्यांनी सहा डोस, ४८ तास, सगळीकडे ०.१ टक्का डीएमएसओ. पेशीविरहित वेल्समध्ये अर्क स्वतःच एमटीटीचं क्षपण करतो असं दिसल्यामुळे मी धुण्याची पायरी वाढवली. तीन वेगळ्या पॅसेजवरून आयसी-५० अंदाजे १४० मायक्रोग्रॅम प्रति मिली आला. पेशीमृत्यूला चालना देणारं बॅक्स वाढलं आणि तो रोखणारं बीसीएल-२ कमी झालं, हे अपोप्टोसिसशी सुसंगत आहे. या पेशींमध्ये कॅस्पेज-३ नसल्याने पुढचा मार्ग कोणता, हा माझा प्रश्न आहे. वेस्टर्न ब्लॉटची ओळख आहे, स्वतंत्रपणे केलेला नाही.»

---

सूक्ष्मदर्शी :

हा मजकूर वाचून मी मुलाखतीला बोलावेन. तीन दुरुस्त्या.

बॅक्स आणि बीसीएल-२ हे आरएनएच्या पातळीवर मोजलंत ना? मग «आरएनए पातळी» असे शब्द घाला, प्रथिनाबद्दल काही बोलू नका. संदर्भ जनुक कोणतं घेतलं तेही कंसात.

१४० मायक्रोग्रॅम हे कच्च्या अर्काच्या मानाने बरंच जास्त आहे. लगेच विचारतील की निरोगी पेशींचं काय होतं. तुलना केलेली नसेल तर «एमसीएफ-१०ए या कर्करोग नसलेल्या स्तनपेशींशी तुलना करणं बाकी आहे» असं आधीच लिहून टाका. तयारीत हेही ठेवा की एमसीएफ-१०एचं माध्यम वेगळं असतं : घोड्याचं सीरम, ईजीएफ, हायड्रोकॉर्टिझोन, इन्सुलिन, कॉलरा टॉक्सिन. दोन वेगळ्या माध्यमांतले आयसी-५० शेजारी ठेवून फरक फक्त पेशींचा म्हणता येत नाही. हे तुम्ही स्वतःहून बोललात तर उत्तम.

शेवटचा प्रश्न तपासणार कसा, हे एका वाक्यात जोडा : कॅस्पेज-७चा कापलेला तुकडा आणि कॅस्पेज ज्याला कापतात त्या पार्प प्रथिनाचा ११६वरून ८९ किलोडाल्टनवर येणारा पट्टा वेस्टर्नवर पाहणं, सोबत १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (अपोप्टोसिस घडवणारं रसायन) दिलेल्या पेशी पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, आणि झेड-व्हीएडी-एफएमके (कॅस्पेज रोखणारं रसायन) देऊन मृत्यू थांबतो का हे बघणं. तो थांबला नाही तर कॅस्पेजच्या बाहेरचा मार्ग शोधावा लागेल. मार्गदर्शकांकडे पार्पची अँटिबॉडी असेल तर डिसेंबरच्या आत निदान पहिला ब्लॉट लावून घ्या. «स्वतंत्रपणे केलेला नाही» ही ओळही मग बदलता येईल.